‘नाखहिल्फे’ला मराठीत काय म्हणावे?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी मला भेटावयास आली. पाचवी ते दहावी ती आपल्या वसतिगृहात होती. तिची आई लासलगावच्या खळ्यांवर कांदा निवडण्याचे काम करीत असे, आजही करते. मुलीने परिचर्येचे शिक्षण पूर्ण केले, नाशिकच्या एका रुग्णालयात नोकरी धरली आणि आता ती जर्मन भाषा शिकत आहे. जर्मनीतील रुग्णालयात काम करावयाचे तर आधी भाषेच्या परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. त्यांतील ‘बी-१’ या पातळीची तयारी तिने चालविली आहे.

तिच्या पिशवीत शब्दांची वही होती. ‘शाळा आणि अभ्यासातील मदत’ या पाठातील शब्द तिने एका बाजूस जर्मन आणि दुसऱ्या बाजूस मराठी असे मांडले होते. एका शब्दापुढची जागा मात्र रिकामी होती. तो शब्द ‘नाखहिल्फे’.

“सर, याला मराठीत काय म्हणायचं?” तिने विचारले.

“शिकवणी,” मी चटकन म्हणालो.

तिने मान हलविली. “शिकवणी म्हणजे पैसे भरून लावतात ती ना, सर? पुस्तकात वरच्या वर्गातली मुलगी खालच्या वर्गातल्या मुलाला गणित समजावून देते, तिथेही हाच शब्द आहे. मला तर आपली रात्रीची अभ्यासिका आठवली.”

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. इतिहास शिकविण्यात माझी पंचवीस-तीस वर्षे गेली. जर्मन भाषेशी माझा संबंध बिस्मार्क आणि हिटलर यांच्यापुरताच. परंतु तिने विचारलेला प्रश्न भाषेचा कमी आणि आपल्या शाळेचा अधिक होता, असे मला नंतर जाणवू लागले. तिची वही मी दोन दिवस ठेवून घेतली, शब्दकोश मिळविला आणि एकेक शब्द लावून पाहिला. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे मी जे मांडणार आहे, ते त्या वाचनातून सुचलेले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या मुलामुलींनी जर्मन शिकावे, असेच माझे मत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला, तेव्हापासून ही भाषा खेड्यापाड्यांतील घरांतही बोलण्याचा विषय झाली आहे. पुण्या-मुंबईच्या मॅक्समुलर भवनापुरती ती आता राहिलेली नाही. काही मंडळी म्हणतात, ही भाषा केवळ पोटासाठी शिकली जाते. पोटासाठी शिकण्यात कमीपणा कसला? मात्र तेवढ्यावर थांबू नये, याचा धडा बाबासाहेबांनी आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे. १९२१ मध्ये, लंडनमधील अभ्यास चालू असतानाच, त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले. त्यासाठीचा अर्ज त्यांनी स्वतः जर्मन भाषेत लिहिला होता. बॉनमधील अभ्यास पुढे पूर्णत्वास गेला नाही, परंतु ती भाषा त्यांनी कोलंबिया विद्यापीठातच आत्मसात केलेली होती. ज्या मुलाला मुंबईच्या शाळेत संस्कृत घेऊ दिले गेले नाही आणि म्हणून फारसी घ्यावी लागली, त्याने जगातील ज्ञानाच्या भाषा अशा एकेक करून मिळविल्या. भाषा ही त्यांच्यासाठी दुसऱ्या समाजाच्या घरात शिरून त्याची मांडणी न्याहाळण्याची वाट होती. आपणही तसेच न्याहाळावे.

आता ते शब्द पाहू.

‘नाख’ म्हणजे नंतर, मागाहून. ‘हिल्फे’ म्हणजे मदत. वर्ग संपल्यावर, वर्गात जे कळले नाही त्यासाठी मिळणारी मदत म्हणजे ‘नाखहिल्फे’. ती पैसे देऊन घेता येते, तशी शेजारच्या ताईकडून फुकटही मिळते. शब्दात फीचा उल्लेख नाही; मदतीचा आहे. आपल्याकडचा ‘क्लास’ हा शब्द घ्या. ‘क्लास लावला’ असे आपण म्हणतो, जसे दूध लावले, वर्तमानपत्र लावले. देणारा, घेणारा आणि महिन्याचा हिशेब, एवढे त्यात सामावले आहे. मागे राहिलेले मूल त्यात कोठेच दिसत नाही. किंबहुना आपल्याकडे क्लास लावतात ते पुढे असलेल्या मुलाला आणखी पुढे नेण्यासाठी. खरोखर मागे राहिलेल्या मुलाच्या वाट्याला तो क्वचितच येतो.

दुसरा शब्द ‘हाउसआउफगाबे’, म्हणजे घरचा अभ्यास. त्यामागील क्रियापद ‘आउफगेबेन’. या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. शिक्षक घरचा अभ्यास नेमून देतो, तेही ‘आउफगेबेन’. आणि माणूस हताश होऊन एखादी गोष्ट सोडून देतो, तेही ‘आउफगेबेन’. शिक्षकाच्या नात्याने या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. ज्या घरात बसावयास कोपरा नाही, विचारावयास शिकलेले माणूस नाही आणि संध्याकाळी आईबाप खळ्यावरून थकून येतात, त्या घरच्या मुलाला मी पाच गणिते सोडवून आणण्यास सांगतो, तेव्हा पहिल्या अर्थापासून दुसऱ्या अर्थापर्यंतचा रस्ता किती थोडा असतो!

तिसरा शब्द ‘झित्सनब्लायबन’. शब्दशः ‘बसून राहणे’. नापास होऊन त्याच वर्गात राहणे, असा त्याचा अर्थ. बाकीची मुले उठून पुढच्या वर्गात जातात, हा मात्र बसलेलाच. आपल्या समाजाला वर्गात बसण्याचा वेगळाच इतिहास आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला कोपऱ्यात वेगळे बसावे लागे आणि बसण्याचे गोणपाट रोज घरून नेऊन संध्याकाळी परत आणावे लागे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आज गोणपाट गेले, बाक आले. परंतु सातवीच्या बाकावर बसलेल्या मुलाला तिसरीचे वाचन येत नसेल, तर तो बाकावर बसूनही बाहेरच राहिलेला आहे.

चौथा शब्द ‘फ्योर्डरउंटरिश्ट’. ‘उंटरिश्ट’ म्हणजे अध्यापन आणि ‘फ्योर्डर्न’ म्हणजे पुढे नेणे, वाढीस लावणे. खाणीतून कोळसा वर काढतात, त्यालाही जर्मन भाषेत हेच क्रियापद आहे. जे आत आहे परंतु खोल आहे, ते वर आणणे. ‘ढ’ म्हणून ज्याची आपण सहज बोळवण करतो, त्याच्यासाठी शाळेने स्वतः घ्यावयाच्या जादा तासाला त्यांनी हे नाव दिले आहे.

येथे कोणी म्हणेल, शब्द गोड आहेत, व्यवहार काय? व्यवहार फार काळ गोड नव्हता आणि आजही पूर्णपणे नाही. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. साधारण दहाव्या वर्षी मूल विद्यापीठाकडे नेणाऱ्या ‘गिम्नाझियुम’मध्ये जाणार की अन्य शाळेत, हे ठरू लागते, आणि त्या निवडीत घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असतो. डिसेंबर २००१ मध्ये ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल लागले, तेव्हा विद्यार्थ्याचे यश आणि त्याच्या पालकांची सामाजिक स्थिती यांचा संबंध जर्मनीत फारच घट्ट असल्याचे उघड झाले. स्वतःच्या शिक्षणाचा अभिमान बाळगणाऱ्या त्या देशाला तो मोठा धक्का होता. तेव्हा शाळा दुपारी सुटत. घरी जो शिकविणारा असेल किंवा विकत घेता येईल, त्यावर उरलेले अवलंबून असे. २००३ पासून तेथील संघराज्य सरकारने चार अब्ज युरो खर्चून पूर्णवेळ शाळा उभारण्यास साहाय्य केले. अशा शाळेस ‘गांत्सटाग्सशूले’ म्हणतात. दुपारचे जेवण, घरचा अभ्यास आणि मागे राहिलेल्यांना मदत, हे सारे शाळेच्याच छताखाली. आता २०२६ च्या शालेय वर्षापासून प्राथमिक शाळेतील मुलांना, पहिलीपासून टप्प्याटप्प्याने, अशा पूर्णवेळ सोयीचा कायदेशीर हक्क मिळत आहे.

दुसरी घटना न्यायालयातील आहे. ९ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मनीच्या संघराज्य घटना न्यायालयाने गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या निर्वाहभत्त्याविषयी निकाल दिला. मुलाचा भत्ता प्रौढाच्या भत्त्याचे ठरावीक शेकडा प्रमाण लावून काढला जात असे. मुलाच्या गरजा वेगळ्या आहेत, वह्या-पुस्तके आणि शाळेचा खर्च हा त्याच्या किमान निर्वाहाचाच भाग आहे आणि तो न मोजणे घटनेत बसत नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्यातून २०११ मध्ये एक योजना आली. तिच्या नावात ‘बिल्डुंग’ म्हणजे शिक्षण आणि ‘टाइलहाबे’ हे दोन शब्द आहेत. ‘टाइल’ म्हणजे वाटा आणि ‘हाबे’ म्हणजे असणे. आपला वाटा असणे, अर्थात सहभाग. या योजनेतून गरीब घरच्या मुलाच्या नाखहिल्फेचा खर्चही शासन उचलते. आरंभी मूल वर्गात ‘बसून राहण्याची’ भीती असेल तरच ही मदत मिळे. २०१९ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. अर्जांच्या किचकटपणामुळे अनेक पात्र कुटुंबांपर्यंत हा लाभ पोहोचत नाही, अशी तक्रार तिकडेही आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जांपायी हेलपाटे घातलेल्या आपल्या पालकांना ते वेगळे समजावून सांगावयास नको.

त्या निकालाचा आधार जर्मन राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात आहे. तेथे मानवी प्रतिष्ठेला लावलेले विशेषण आहे ‘उनआनटास्टबार’. शब्दशः, जिला हात लावता येत नाही अशी. ज्या समाजाला शतकानुशतके ‘शिवू नये’ म्हणून गावाबाहेर ठेवले, त्या समाजात जन्मलेल्या माझ्यासारख्याला हा शब्द वाचून वही मिटावी लागली. आपल्याकडे माणूस अस्पर्श्य ठरविला गेला. त्यांनी माणसाची प्रतिष्ठा अस्पर्श्य ठरविली. त्यांनीही हे काही सहज केले नाही. लक्षावधी माणसांचा संहार स्वतःच्या हातून घडल्यानंतर १९४९ च्या मे महिन्यात त्यांनी ते लिहिले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला आपल्या संविधान सभेने राज्यघटना स्वीकारली आणि तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. प्रतिष्ठेची भाषा आपल्याला परकी नाही. तिची अंमलबजावणी वर्गाच्या दारापर्यंत पोहोचली की नाही, एवढाच प्रश्न आहे.

कायद्याच्या बाबतीतही आपण मागे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २४ वे कलम शिक्षकाची कर्तव्ये सांगते. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून आवश्यक तेथे जादा अध्यापन करणे, हे त्यांपैकी एक आहे. जर्मन लोक ज्याला फ्योर्डरउंटरिश्ट म्हणतात, तेच हे. त्याच कायद्याचे २८ वे कलम शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, परंतु त्यापूर्वी जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा देण्याची अटही घातली गेली. म्हणजे मागे राहिलेल्या मुलाचे दायित्व शाळेचे आहे, हे आपल्या संसदेने लिहून ठेवले आहे. प्रत्यक्षात काय घडते? २०२५ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातील चारपैकी एकाहून अधिक विद्यार्थी खासगी शिकवणी घेतात आणि खेड्यांतील प्रमाणही शहरांच्या फार मागे नाही. लासलगावात बाजार समितीच्या परिसरापासून स्थानकाच्या रस्त्यापर्यंत क्लासच्या पाट्या मोजून पाहाव्यात.

इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःचा एक दोष या पानावर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. बारा-तेरा वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलाच्या वडिलांना मी शाळेत बोलावून घेतले. मुलगा गणितात आणि इंग्रजीत फार कच्चा होता. तो वसतिगृहात नव्हता, रोज गावाहून येत असे. वडील गोण्या उचलण्याचे काम करीत. हात जोडून ते म्हणाले, “गुरुजी, आम्ही अडाणी, तुम्हीच सांगा काय करायचं.” मी म्हणालो, “त्याला एखादा क्लास लावा.” हे एक वाक्य बोलून मी मोकळा झालो. त्यांनी घरातील शेळी विकली आणि क्लासची फी भरली. चार महिन्यांनी कांद्याचे भाव पडले, काम मंदावले, दुसरा हप्ता भरता आला नाही आणि क्लास सुटला. क्लास सुटला म्हणजे आता आपले काही खरे नाही, असे मुलाने मनाशी ठरविले आणि दिवाळीनंतर तो शाळेतही आला नाही. आज तो कोठेतरी गाडीवर चालक आहे, असे ऐकतो. त्या मुलाला माझ्याकडून रोज अर्धा तास हवा होता. तो द्यावयाचे सोडून मी त्याच्या बापाला बाजाराचा पत्ता दिला. बाबासाहेबांच्या पुस्तकांसाठी रामजी सुभेदार आपल्या विवाहित मुलींचे दागिने गहाण ठेवीत, ही गोष्ट मी दर वर्षी १४ एप्रिलला सांगत आलो आहे. माझ्यासमोर शेळी विकली गेली तेव्हा मात्र ती गोष्ट मला आठवली नाही.

त्याच चरित्रातील दुसरी बाजू आपण कमी सांगतो. रामजी बाबा मुलाला रात्री दोन वाजता अभ्यासासाठी उठवीत आणि तोपर्यंत स्वतः जागे राहत. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या त्या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. त्यांनी त्याला पुस्तके दिली, मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. केळुसकर त्या मुलाच्या शाळेत शिक्षक नव्हते आणि त्यांनी फीही घेतली नाही. शाळा सुटल्यावर, मागाहून, कोणीतरी दिलेली ती मदत होती. पुढे बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, तेव्हा एका बागेतील ती मदत संस्थेच्या रूपाने अनेकांच्या वाट्यास येऊ लागली. वसतिगृह म्हणजे केवळ निवारा आणि जेवण नव्हे. घरी जो कोपरा, दिवा आणि शंका विचारावयाचे माणूस नव्हते, ते तिघे तेथे एकत्र मिळतात.

आपल्या शाळेची रात्रीची अभ्यासिका याच परंपरेतील आहे. सायंकाळच्या वंदनेनंतर जेवण, मग साडेसात ते साडेनऊ सतरंज्यांवर बसलेली मुले, दोन शिक्षक, आणि दहावीतील मुलांकडे सोपविलेली पाचवी-सहावीची पाच-पाच मुले. वीज गेली की कंदील पेटत. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकजण तेथे एकदा शिकणारे आणि एकदा शिकविणारे म्हणून बसलेले आहेत. जर्मनीने २००१ च्या धक्क्यानंतर अब्जावधी युरो घालून जे उभे केले, त्याचे मूळ तत्त्व आपण सतरंजीवर बसून राबवीत होतो.

‘होतो’ असे म्हणावे लागते, कारण गेल्या काही वर्षांत ती अभ्यासिका क्षीण झाली आहे. शिक्षकांची पदे रिक्त आहेत, अशैक्षणिक कामे वाढली आहेत, मोठ्या मुलांना स्वतःच्या परीक्षांची धास्ती आहे. गेल्या पालकसभेत एक सूचना पुढे आली: बाहेरचा एखादा क्लास वसतिगृहातच आणावा, ज्यांना परवडेल त्यांनी फी भरावी. सूचना करणाऱ्या पालकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. स्पर्धेचे जग आहे, आपली मुले मागे पडू नयेत, हीच त्यांची तळमळ आहे. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांची तयारी हा वेगळा विषय आहे; त्यासाठी स्वतंत्र विचार अवश्य करावा. परंतु एकाच छपराखाली, एकाच पंक्तीत जेवून उठल्यावर, फी भरलेली मुले एका खोलीत आणि न भरलेली दुसऱ्या खोलीत बसणार असतील, तर आपण आपल्याच हातांनी गोणपाट पुन्हा अंथरतो आहोत. या सूचनेला माझा विरोध आहे आणि तो येथे नोंदवितो.

केवळ विरोध करून भागणार नाही. म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली आम्हा शिक्षकांना: आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रत्येकाने अभ्यासिकेत बसावे आणि ‘क्लास लावा’ हे वाक्य पालकांना सांगणे थांबवावे. दुसरी माजी विद्यार्थ्यांना: देणगी अवश्य द्या, पण जे नाशिक, निफाड, येवला, चांदवड, मनमाड परिसरात आहेत, त्यांनी महिन्यातून एक शनिवार-रविवार द्यावा आणि पाच मुलांचे एकच पुस्तक घेऊन बसावे. जे दूर आहेत त्यांनी भ्रमणध्वनीवरून एका मुलाची आठवड्याची शंका सोडवावी. तिसरी पालकांना: मूल मागे आहे हे सांगण्यात लाज बाळगू नका. शाळेत या आणि विचारा, कारण ती मदत मागणे हा तुमचा हक्क आहे.

दोन दिवसांनी ती मुलगी वही न्यावयास आली. शब्दाचा अर्थ मी तिला सांगितला आणि म्हणालो, “तू म्हणत होतीस तेच बरोबर. लिही ‘अभ्यासिका’.” तिने तसे लिहिले. जाताना, सुटी संपेपर्यंत उरलेले चार दिवस ती सायंकाळी वसतिगृहात येऊन बसली. दिवाळीतही घरी न जाऊ शकलेली सहावीतील तीन मुले होती. त्यांना अपूर्णांक येत नव्हते. चौथ्या दिवशी त्यांतील दोघांना ते येऊ लागले; तिसऱ्याला अजून येत नाहीत. त्याला मी रोज अर्धा तास देतो आहे.

जय भीम.